ड्रमकीली फुटबॉल क्लबचे दार्सैतमधले कार्यवाह

सन १९९८, मार्चमधला दुसरा शुक्रवार, सकाळचे साडेदहा. जमा रक्कम अकरा रियाल पाचशे बैसा. उपस्थित: श्री. परुळेकर, त्यांच्या कंपनीतले इंजिनिअर श्री. कांबळे, परुळेकरांच्या वरच्या मजल्यावर राहणारा मी, आणि सौ. परुळेकर. सौ. परुळेकर पोहे परतत असल्यामुळे त्यांचं मत धरण्यात आलं नाही. स्थळ: परुळेकरांचा हॉल, दार्सैत, मस्कत. विषय: आयर्लंड देशातल्या ड्रमकीली गावच्या फुटबॉल क्लबचा अमृतमहोत्सव.

आमच्यापैकी कोणीही आयर्लंड पाहिलेलं नव्हतं. कांबळे नागपूरला कॉलेजात फुटबॉल खेळले होते. बाकीच्यांनी फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. तरीही त्या सकाळी अर्ध्या तासात स्मरणिका समिती स्थापन झाली, कांबळे क्रीडा सल्लागार झाले, मी अकाउंट्समध्ये नोकरीला म्हणून खजिनदार झालो, आणि परुळेकर कार्यवाह झाले. त्यांच्या नावाला अनुमोदन द्यायला कोणी तोंड उघडण्याआधीच ते लिहायला लागले होते.

परुळेकर जिथे जात तिथे कार्यवाहच असत. माणूस बुटका, अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला दोन पेनं: निळं लिहायला आणि लाल दुसऱ्याने लिहिलेलं सुधारायला. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. वादी कबीरमधल्या एका बांधकाम कंपनीत वर्कशॉप मॅनेजरचे सेक्रेटरी होते, पण नोकरी ही त्यांच्या लेखी दोन सभांच्या मधली सुट्टी होती. दार्सैतमधला गणपती, कोजागिरी, निझव्याची सहल, इमारतीतल्या झुरळांचा बंदोबस्त, कुठलीही गोष्ट समितीशिवाय होऊ शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

घरातही तेच. मी एकदा साखर मागायला गेलो तेव्हा ऐकलेलं हे संभाषण.

"रात्रीच्या भाजीसाठी दुधी, सूचक मी. अनुमोदक?"

वहिनी म्हणाल्या, "कोणी नाही."

"मग सूचना फेटाळण्यात येत आहे. पर्यायी सूचना?"

"अहो, पर्यायी सूचना राहू दे. खाली जाऊन कोथिंबीर आणा."

त्यांची मुलगी केतकी तेव्हा सातवीत होती. शाळा इंग्रजी, मैत्रिणी मल्याळी आणि गुजराती, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालायचं. वांगं कशाला म्हणतात हे तिला दर वेळी विचारावं लागे. पण इतिवृत्त, अनुमोदन, तहकूब हे शब्द ती बिनचूक वापरायची. "बाबा, माझी ती, व्हॉट इज इट, झोप आली आहे. मी अभ्यास तहकूब करते," असं म्हणायची, आणि परुळेकरांना ते नियमात बसतंय म्हणून मान्य करावं लागायचं.

एका जुलैत आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत परुळेकर, मी, एक गॅस सिलिंडर आणि तो पोचवायला आलेला पठाण. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आतलं विचारू नका. पठाण घाबरून देवाचं नाव घ्यायला लागला. परुळेकरांनी लिफ्टच्या पत्र्यावर किल्लीने टकटक केलं आणि हिंदीत म्हणाले, "गणसंख्या पूरी है. शुरू करते है." बसायची सोय फक्त सिलिंडरवर असल्यामुळे पठाणाला अध्यक्ष करण्यात आलं. मालकाला कळवणे, वॉचमनचा निषेध, आणि लिफ्टमध्ये पंखा बसवणे असे तीन ठराव एकमताने मंजूर झाले. वॉचमनने दार उघडलं तेव्हा आम्ही आयत्या वेळच्या विषयांवर आलो होतो. परुळेकर त्याला म्हणाले, "दोन मिनिट ठहरो. आभारप्रदर्शन बाकी है." पठाण पुढे कित्येक वर्षं भेटला की मला छातीला हात लावून विचारायचा, "सेक्रेटरीसाब ठीक है?"

तर हे परुळेकर ज्यांचे सेक्रेटरी होते, ते वर्कशॉप मॅनेजर म्हणजे मिस्टर डोनल. सहा फुटांच्या वर उंची, उन्हाने कायमचे लाल झालेले, छप्पन वर्षांचे, एकटे. आखातात वीस वर्षं काढलेली. ते परुळेकरांना "पारू" म्हणत. आमच्याकडे पारू कोणाचं नाव असतं हे त्यांना सांगण्याची हिंमत कंपनीतल्या एकाही मराठी माणसाला झाली नाही. त्यांच्या इंग्रजीची चाल अशी होती की पहिली दोन वर्षं परुळेकर डिक्टेशन अंदाजाने घेत. पत्रं चांगली गेली, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

डोनलसाहेबांची एक सवय साऱ्या वर्कशॉपला माहीत होती. ते कपबशीतून चहा पीत नसत. कागदी पेला चाले, काचेचा ग्लास चाले, एकदा तर त्यांनी जॅमच्या रिकाम्या बरणीतून चहा प्यायलेला कांबळ्यांनी पाहिला होता. पण कोणी बशी पुढे केली की ते घड्याळ बघत आणि उठून जात. कारण कोणाला ठाऊक नव्हतं. कांबळ्यांचा अंदाज होता की धर्माचं काहीतरी असावं.

फेब्रुवारीत एक दिवस साहेबांनी परुळेकरांना पत्र सांगायला घेतलं. "लिही पारू. कामाच्या ताणामुळे येणं जमणार नाही. सोबत चेक जोडला आहे. आपला वगैरे."

परुळेकरांनी विचारलं, "सर, कशाला येणं जमणार नाही?"

"आमच्या गावच्या क्लबला ऑगस्टमध्ये पंचाहत्तर वर्षं होतात. वादळात ड्रेसिंग रूमचं छप्पर उडालंय, म्हणून सगळ्या जुन्या खेळाडूंना वर्गणी मागताहेत आणि बोलावताहेत."

परुळेकरांनी पेन खाली ठेवलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि पेन खाली ठेवणं ही त्यांच्या आयुष्यात वारंवार घडणारी गोष्ट नव्हती. "सर, पंचाहत्तर म्हणजे अमृतमहोत्सव. स्मरणिका कोण काढतंय?"

साहेबांना स्मरणिका म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. क्लबचा इतिहास, अध्यक्षांचं मनोगत, पदाधिकाऱ्यांचे फोटो, जाहिराती, दिवंगतांना श्रद्धांजली.

साहेब म्हणाले, "आमचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. लिहिण्यासारखा नाहीच. आम्ही हरतो, पारू. पंचाहत्तर वर्षं हरतोय."

"सर, आमच्या मंडळाने इतक्या वर्षांत काय जिंकलं? तरी चार स्मरणिका आहेत."

साहेबांचा करार जूनमध्ये संपत होता. पुढे काय, असं विचारलं तर ते स्पेनमधल्या कुठल्याशा गावाचं नाव सांगत, जिथे त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. हीच त्या गावाची मुख्य सोय असल्यासारखं सांगत. ज्या माणसाच्या गावात क्लब आहे, क्लबला अमृतमहोत्सव आहे, आणि तरी जो घरी न जाता तिऱ्हाईत गावात जाऊन बसणार आहे, अशा माणसाचं काय करावं हा प्रश्न परुळेकरांना पडला. त्यांनी समिती स्थापन केली.

त्यानंतरचे सगळे शुक्रवार डोनलसाहेब आमच्याकडे दार्सैतला येत, ग्लासातून चहा पीत, आणि क्लबचा इतिहास सांगत. ते मोठ्या अनिच्छेने सुरुवात करत, आणि दुपारी त्यांना जेवायला उठवणं कठीण जाई.

ड्रमकीली फुटबॉल क्लब काढला दूध डेअरीतल्या अकरा कामगारांनी. बारावा कोणी नव्हता, म्हणून गावातले पाद्री अध्यक्ष झाले. पहिली चार वर्षं त्यांच्याकडे चेंडू नव्हता. शेजारच्या गावाचा चेंडू आणायचे, आणि शेजारचं गाव हरायला लागलं की चेंडू उचलून घरी जायचं. मैदान उताराचं होतं. एक गोल दुसऱ्यापेक्षा पुरुषभर खाली. मैदानात आठवडाभर गायी चरत, त्यामुळे सामन्याआधी शेण काढायला एक माणूस रीतसर निवडला जाई, आणि त्या पदासाठी निवडणुकीत मारामाऱ्या होत.

परुळेकर भराभर लिहीत म्हणाले, "पगारी की मानद?"

"मानद."

"मग मारामारी होणारच."

एका बाजूला नदी. चेंडू नदीत गेला की होडीवाला आणून द्यायचा. होडीवाला दुसऱ्या गावचा असल्यामुळे ड्रमकीली आघाडीवर असेल तर तो सावकाश वल्हवायचा. परुळेकर हे ऐकताना मधूनमधून मान डोलवत. "पाऊस आहे, गाय आहे, नदी आहे, शेजारच्या गावाशी भांडण आहे. चर्चच्या जागी देऊळ घाला खजिनदार, आमचंच गाव."

मग क्लब फुटल्याची हकीगत निघाली. जर्सीच्या कॉलरचा रंग पांढरा की पिवळा यावरून वाद झाला आणि सहा वर्षं गावात दोन क्लब होते. प्रत्येकात सात-सात खेळाडू. दुसरं कोणी सातजणांशी खेळायला तयार नसल्यामुळे ते दोघं एकमेकांशीच खेळत. डोनलसाहेब हे सांगताना शरमले होते.

"त्यात काय सर?" परुळेकर म्हणाले. "जे फुटलं नाही ते मंडळ कसलं? आमचं दोनदा फुटलंय. एकदा लेझमावरून, एकदा साबुदाण्याच्या खिचडीवरून."

"खिचडी गोड होती," वहिनी आतून म्हणाल्या.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी घोटाळा झाला. साहेब इतक्या वेळा येतात आणि आपण त्यांना स्टीलच्या नाहीतर काचेच्या ग्लासात चहा देतो याची वहिनींना लाज वाटत होती. त्यांनी रुवीच्या बाजारातून सोनेरी काठाचा चिनीमातीचा टी-सेट आणला आणि आम्हाला कोणाला न सांगता साहेबांच्या हातात कपबशी दिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. उठले. पण वहिनी पुढ्यातच उभ्या होत्या, नवी साडी नेसून. साहेब परत बसले. कपबशी दोन्ही हातांत धरून, बाँब धरल्यासारखे.

"साखर जास्त झाली का?" वहिनींनी विचारलं.

तेव्हा डोनलसाहेबांनी ती गोष्ट सांगितली.

पंचाहत्तर वर्षांत ड्रमकीली एकदाच अंतिम सामन्यात पोचली. जिल्ह्याची ढाल होती. डोनलसाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचे आणि गोलरक्षक. शेवटची पाच मिनिटं, शून्य-शून्य, आणि चेंडू समोरच्या टोकाला. गोलच्या मागे त्यांची आत्या उभी होती. थंडी होती, पोराला गरम काहीतरी द्यावं म्हणून तिने जाळीच्या बाजूने चहा पुढे केला. घरातली चांगली कपबशी, तिच्या लग्नातली. पोराने चहा प्यायला. मग कपबशी परत करायला वळला. गवतावर ठेवली असती तर कोणीतरी पाय दिला असता, म्हणून त्याने ती आत्याच्या हातात नीट दिली, आधी कप, मग बशी. तेवढ्यात मधल्या रेषेवरून कोणीतरी सहज मारलेला चेंडू उतारावरून घरंगळत आला. इतका सावकाश की प्रेक्षकांनी ओरडून ओरडून घसे बसवले. डोनलसाहेबांना वाटलं आपल्या संघाने गोल केला. त्यांनी वळून टाळ्या वाजवल्या.

ढाल गेली. त्यांचं नाव "बशी" पडलं. दुकानात बशी, चर्चमध्ये बशी, आत्या वारली तेव्हा तिच्या अंत्यविधीलासुद्धा मागून कोणीतरी "बशी आला" म्हणालं. ते आधी इंग्लंडला गेले, मग आखातात. सदतीस वर्षं त्यांनी त्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

केतकीने वही मिटली. मग वहिनी म्हणाल्या, आणि कांबळ्यांनी त्याचं इंग्रजी केलं: "आत्याने दिलेला चहा नाही कसा म्हणणार? आणि लग्नातली कपबशी खाली ठेवतात का?"

सदतीस वर्षांत ही बाजू कोणी मांडलेली दिसत नव्हती. साहेबांनी तो चहा संपवला. कपबशी परत मात्र केली नाही, मांडीवर धरून बसले. वहिनींनाच काढून घ्यावी लागली.

ते गेल्यावर समितीची तातडीची बैठक झाली, आणि समिती फुटायची वेळ आली. प्रश्न असा की हा सामना स्मरणिकेत घ्यायचा की नाही.

कांबळे म्हणाले, "घ्या. इतिहास आहे. एकुलता एक अंतिम सामना गाळला तर पुस्तकात राहिलं काय? शेण?"

परुळेकर म्हणाले, "स्मरणिकेत पराभव नसतो, कांबळेसाहेब. माझ्या अठरा वर्षांच्या अनुभवात नाही."

"मग जिंकले म्हणून लिहा."

"खोटंही नसतं."

मी म्हणालो की बाकी काही लिहा, पण गोलसंख्या शून्य-एक हीच यायला हवी.

परुळेकर बराच वेळ लाल पेन उघडझाप करत बसले. इतकी वर्षं ते सूचना लिहीत आले होते. कोजागिरीचा कार्यक्रम पुढे ढकलला, पाहुणे आलेच नाहीत, नाटकातला नायक आदल्या दिवशी भारतात पळाला, प्रत्येक वेळी त्यांच्या हाताखालून एकच वाक्य उतरलेलं. तेच त्यांनी लिहिलं. इंग्रजीत, कारण स्मरणिका इंग्रजी होती. त्याचं मराठी असं होतं:

"सामना अखेरच्या क्षणापर्यंत चुरशीचा झाला. तथापि अपरिहार्य कारणास्तव चेंडू गोलात गेला, व ढाल शेजारच्या गावाकडे सुपूर्द करण्यात आली. गोलसंख्या शून्य-एक. गोलरक्षकाच्या आत्याबाईंनी चहापानाची व्यवस्था केली होती. समिती त्यांची ऋणी आहे."

कांबळे इतके हसले की त्यांचा विरोध त्यातच वाहून गेला. ठराव मंजूर झाला. वहिनींचं मत त्या दिवशी धरण्यात आलं.

बाकीची स्मरणिका मग फार लवकर तयार झाली. परुळेकर रुवीत दुकानोदुकानी फिरले. एका शिंप्याने पाव पान घेतलं: "ड्रमकीलीकरांना हार्दिक शुभेच्छा. पँट चोवीस तासांत." मिठाईवाल्याने काजूकतलीच्या फोटोसह अर्धं पान. सीबच्या एका सीट-कव्हरवाल्याला वाटलं ड्रमकीली हे ओमानमध्येच सलालाहच्या वाटेवर आहे, आणि त्याने पुढच्या वर्षाचीही जागा राखून ठेवली. कंपनीचे मालक शेख, ज्यांना सगळे अर्बाब म्हणत, त्यांनी पूर्ण पान दिलं आणि विचारलं, "इन्शाल्ला जिंकतील ना?" परुळेकर म्हणाले, "समिती त्या दृष्टीने प्रयत्नशील आहे."

छापखान्याचा मालक मल्याळी, फुटबॉलचा वेडा. त्याने मजकूर वाचून गंभीरपणे विचारलं, "लेफ्ट बॅक कोण होता?" परुळेकर म्हणाले, "मागे डावीकडे कोण उभं होतं याची नोंद उपलब्ध नाही." त्याने हिरव्या मुखपृष्ठावर काहीतरी शोभेचं हवं म्हणून आमच्या गणेशोत्सवाच्या अंकातली समई टाकली. परुळेकरांना ती योग्य वाटली.

श्रद्धांजलीच्या पानावर पहिल्या संघातले अकराही जण होते. सगळे गेलेच आहेत याची खात्री डोनलसाहेबांना देता येत नव्हती, पण परुळेकरांचं मत असं की नव्वदीपुढच्या माणसाला आदर दाखवण्यात चूक झाली तरी ती योग्य बाजूला झाली पाहिजे.

मेअखेर मुद्रितं साहेबांच्या टेबलावर ठेवली. परुळेकर शेजारी लाल पेन घेऊन उभे. साहेबांनी ते पान वाचलं. परत वाचलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. परुळेकरांना वाटलं, रडताहेत, आणि त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. साहेब टेबलावर डोकं ठेवून हसत होते. आवाज ऐकून दोन मेकॅनिक पाने-पक्कड घेऊन धावत आले.

जरा शांत झाल्यावर ते म्हणाले, "पारू, आता मला जावंच लागेल."

"कुठे, सर?"

"ड्रमकीलीला. नाही गेलो तर त्यांना वाटेल हे मी लिहिलं."

जूनमध्ये साहेब गेले. दोनशे प्रतींपैकी दीडशे त्यांच्याबरोबर गेल्या, आणि जाहिरातींचे पैसे छपराच्या वर्गणीत. आमच्या खात्यावर किरकोळ शिल्लक राहिली. मी समिती बरखास्त करू म्हणालो. परुळेकर म्हणाले, "समारंभाचा अहवाल आल्याशिवाय?"

अहवाल आला ऑगस्टच्या शेवटी, फोनवर. कांबळ्यांनी त्यानंतर वर्णन केलं ते असं: परुळेकर फोन घ्यायला उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि बारा मिनिटं फक्त "येस सर, नोटेड सर" म्हणत लिहीत होते. मधे एकदा त्यांनी फोनवर हात ठेवून सगळ्या ऑफिसला सांगितलं, "श्रद्धांजलीतले एक हयात आहेत. त्यांनी ते पान फ्रेम केलं. म्हणतात, जिवंतपणी इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं."

बाकीचा अहवाल परुळेकरांनी त्या शुक्रवारी समितीला वाचून दाखवला. छप्पर झालं. सामना झाला, ड्रमकीली हरली. एक शेतकरी जुनी पँट घेऊन डोनलसाहेबांकडे आला आणि रुवीचा तो शिंपी कमरेला सैल करून देईल का असं विचारून गेला. साहेब मैदानात शिरले तेव्हा सगळे पाठ फिरवून उभे होते. मग एकदम वळले आणि प्रत्येकाच्या हातात कपबशी होती. दीडशे माणसं. साहेबांनी सगळ्यांच्या हातचा घोट घोट चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी झोप आली नाही म्हणाले. स्पेनमधलं घर त्यांनी रद्द केलं होतं. आणि नव्या ड्रेसिंग रूमच्या दारावर आता मोठ्या हिरव्या अक्षरांत परुळेकरांचं वाक्य रंगवलं होतं, "ओइंग टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस". ड्रमकीली हरली की हल्ली गावात कोणी कारण विचारत नाही, दाराकडे बोट दाखवतात.

अहवाल वाचून झाल्यावर परुळेकरांनी कागदाची घडी केली. ती नीट जमेना. वहिनींनी त्यांच्या हातातून घेऊन घडी घातली.

पुढे एक पार्सल आलं. त्यात हिरवा-पांढरा लोकरीचा मफलर होता, आणि श्री. पारू यांची क्लबचे ओमानमधले मानद कार्यवाह म्हणून तहहयात नेमणूक झाल्याचं प्रशस्तिपत्र. पारू या नावावर परुळेकरांनी लाल पेन उचललं, विचार केला, आणि खाली ठेवलं. त्यानंतर ते ड्रमकीलीचे निकाल दर आठवड्याला इमारतीच्या सूचनाफलकावर लावत. पाण्याची टाकी धुण्याची सूचना, खाली ड्रमकीली शून्य-चार. मुलं थांबून वाचायची. वॉचमनसुद्धा हळहळायचा.

समिती बरखास्त करण्याचा विषय मी दर वर्षी काढला. दर वर्षी तो तहकूब झाला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते २००६ च्या जूनमध्ये, सीबच्या विमानतळावर. नोकरी संपवून दोघं कायमची वेंगुर्ल्याला निघाली होती. केतकी तेव्हा पुण्याला शिकत होती. मी आणि कांबळे पोचवायला गेलो. बाहेर ओव्हनचं दार उघडल्यासारखी हवा, आणि परुळेकरांच्या गळ्यात तो लोकरीचा मफलर.

"अहो, तो बॅगेत घाला," वहिनी म्हणाल्या.

"वजन वाढेल," परुळेकर म्हणाले. घामाने त्यांचा चष्मा घसरत होता.

वजन तरीही वाढलं. उरलेल्या सगळ्या स्मरणिका एका खोक्यात होत्या आणि त्या सोडून जायला ते तयार नव्हते. काउंटरवरच्या ओमानी तरुणाने काटा पाहिला, मफलर पाहिला आणि विचारलं, "काका, खोक्यात काय आहे?"

परुळेकरांनी एक प्रत काढून दिली आणि सांगितलं, "आमच्या क्लबचा इतिहास."

त्याने चाळली. फुटबॉलवाला असावा, कारण तो नेमका त्या पानावर थांबला. वाचून त्याने शेजारच्या काउंटरवर दाखवलं. दोघं हसले. मागे रांग वाढत होती. "जादा वजन का झालं म्हणून लिहू?" त्याने विचारलं, आणि परुळेकर काही बोलायच्या आत स्वतःच बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाला, "यल्ला, समजलं. चार किलोचे द्या. बाकी खलास."

मी समितीचं पाकीट बरोबर आणलं होतं. परुळेकरांनी ते पाहिलं आणि घसा साफ केला. "ड्रमकीली स्मरणिका समिती कार्य पूर्ण झाल्याने विसर्जित करण्यात यावी. सूचक मी."

"अनुमोदन," कांबळे म्हणाले.

"माझंही लिहा," वहिनी म्हणाल्या.

मग परुळेकरांनी माझ्याशी हात मिळवला, मफलरचं टोक खांद्यावरून मागे टाकलं, आणि आत गेले. काचेपलीकडे पोलिसाने त्यांना मफलर काढून पट्ट्यावर ठेवायला लावला. तो दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत ते त्याच्याबरोबर पावलं टाकत चालत होते. मग तो पुन्हा गळ्यात घातला आणि दिसेनासे झाले.

समितीची अखेरची शिल्लक आठ रियाल चारशे बैसा. पैकी आठ रियाल जादा वजनापोटी काउंटरवर दिले, पावती घेतली. चारशे बैसा खोकं उचलणाऱ्या हमालाला दिले. त्याने पावती दिली नाही.